व्हॅटरसे ते बट ऑफ लुईस: आधी बोटीची जागा, मग रस्ता

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे आउटर हेब्रिडीज ही बेटांची लांबट माळ आहे. दक्षिणेच्या व्हॅटरसेपासून उत्तरेच्या बट ऑफ लुईस या टोकापर्यंत सुमारे 210 किलोमीटर. सगळ्या बेटांची मिळून वस्ती 26 हजारांच्या आसपास. व्हॅटरसे, बॅरा, एरिस्के, साउथ युइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ युइस्ट, बर्नरे, हॅरिस, लुईस हा क्रम. यातली बरीचशी बेटं कॉजवेने, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्याने, एकमेकांना जोडली आहेत, आणि हॅरिस नि लुईस तर नावं दोन असली तरी जमीन एकच आहे. दोनच ठिकाणी गाडी बोटीवर चढवावी लागते: बॅरा नि एरिस्केच्या मधे, आणि बर्नरे नि हॅरिसच्या मधे. या माळेतून गाडीने जायचं नियोजन कसं केलं, कुठे अडलं आणि शेवटी काय ठरलं, ते एका कुटुंबाच्या सहलीवरून सविस्तर लिहितो.

कुटुंब माझ्याच नात्यातलं. आत्या आणि काका सांगलीहून लेकीकडे लीड्सला आले होते. लेक, म्हणजे माझी आतेबहीण, नोकरी करते. तिचा मुलगा प्राथमिक शाळेत. मी ग्लासगोत राहतो, म्हणून नियोजन माझ्याकडे आलं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नकाशा वाचणारा माणूस. त्यांनी पट्टी ठेवून अंतर मोजलं आणि फोनवर सांगितलं, "पुणे-कोल्हापूर एवढंच आहे की रे. दोन दिवसांत वर जाऊन खाली येऊ."

हाताशी काय होतं

तारखा आमच्या हातात नव्हत्या. इंग्लंडच्या शाळांना मे महिन्याच्या अखेरीस आठवड्याची सुट्टी असते, तीच मिळणार होती. हवेच्या दृष्टीने तो काळ उत्तम. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस त्यातल्या त्यात कमी, रात्री दहाच्या पुढेही उजेड, आणि चावऱ्या मिज माशांचा जोर अजून वाढलेला नसतो. पण याच आठवड्यात निम्मा ब्रिटन सुट्टीवर निघतो. शनिवारी निघायचं आणि पुढच्या सोमवारी शाळा, ही दोन टोकं पक्की होती. काकांचा गुडघा दुखरा, त्यामुळे लांब चालणं नाही. आत्या पूर्ण शाकाहारी. आणि भाच्याची मागणी एकच: समुद्राच्या वाळूवर उतरणारं विमान बघायचं.

मुख्य भूमीवरून या बेटांवर गाडी न्यायला पाच वाटा आहेत. ओबनहून बॅराच्या कॅसलबेला, मॅलेगहून साउथ युइस्टच्या लॉकबॉइसडेलला, पुलाने मुख्य भूमीला जोडलेल्या स्काय बेटावरच्या युइगहून नॉर्थ युइस्टच्या लॉकमॅडीला किंवा हॅरिसच्या टार्बर्टला, आणि अलापूलहून लुईसच्या स्टॉर्नोवेला. ओबन-कॅसलबे प्रवास पावणेपाच तासांचा, अलापूल-स्टॉर्नोवे अडीच तासांच्या थोडा वर, युइगच्या दोन्ही फेऱ्या पावणेदोन तासांच्या आतबाहेर. सगळ्या फेऱ्या कॅलमॅक ही स्कॉटिश सरकारच्या मालकीची कंपनी चालवते. पायी चढणाऱ्याला बहुधा जागा मिळते. खरी चणचण असते ती गाडीच्या जागेची.

त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय इथलं नियोजन जमत नाही. 2008 साली या बेटांसाठी बोटीचं भाडं नव्याने ठरवलं गेलं: तेवढंच अंतर रस्त्याने गेलं असतं तर जेवढा खर्च आला असता, त्या हिशेबाने. बेटावरच्या माणसाला मुख्य भूमी परवडावी हा हेतू. भाडी उतरली, बेटांचा फायदा झाला, पण त्याच स्वस्ताईने पर्यटकांच्या गाड्या आणि कॅम्परव्हॅनही वाढल्या. बोटी मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यातल्या काही जुन्या होत चालल्या. जून 2023 मध्ये लॉकबॉइसडेलची फेरी जवळजवळ महिनाभर बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा साउथ युइस्टचे शेकडो लोक आपापल्या गाड्या घेऊन धक्क्यावर निदर्शनाला जमले होते. ग्लासगोच्या इस्पितळात तपासणीला जाणारा, मेंढ्या बाजाराला नेणारा, दुकानाचा माल आणणारा, या सगळ्यांचा हमरस्ता म्हणजे त्या बोटीचा गाड्यांचा मजला. आपण त्यावर चढतो तेव्हा कुणाच्या तरी रस्त्यावरची जागा घेत असतो.

आधी बोट, मग मुक्काम, मग बघायच्या जागा

बहिणीने यादी पाठवली होती ती उलट्या क्रमाने. आधी समुद्रकिनारे, मग कॅलनिशचे प्राचीन उभे दगड, मग दीपगृह, आणि शेवटी "बोटी बघून घे" एवढं. मी ती यादी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा शनिवारची ओबन-कॅसलबे बोट पाहिली. गाडीसाठी जागा संपलेली.

इथे तीन पर्याय पुढे आले. एक, उत्तरेकडून सुरुवात: शनिवारी स्टॉर्नोवेला उतरायचं आणि खाली यायचं. जागा होती. पण मग पहिला रविवार लुईसमध्ये गेला असता. लुईस, हॅरिस आणि नॉर्थ युइस्ट ही कडव्या प्रेस्बिटेरियन परंपरेची बेटं, म्हणजे रविवार काटेकोरपणे पाळणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाची. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली नियमित बोट सुटली तीच मुळी जुलै 2009 मध्ये, आणि तिथल्या टेस्को सुपरमार्केटने रविवारी दार उघडायला 2024 ची अखेर उजाडली. बहुतेक दुकानं, खानावळी, पेट्रोलपंप आजही रविवारी बंद असतात. दक्षिणेकडची बॅरा, एरिस्के, साउथ युइस्ट ही बेटं कॅथलिक. तिथे सकाळी प्रार्थना झाली की रविवार बराच मोकळा असतो. मला स्वतःला लुईसचा तो शांत रविवार आवडतो आणि तो तसाच राहावा असं मनापासून वाटतं. पण नुकतं बोटीतून उतरलेलं, स्वयंपाकघर अजून न लागलेलं कुटुंब तिथे पहिल्याच दिवशी नेणं मला योग्य वाटलं नाही.

दुसरा पर्याय बहिणीचा. "दादा, दोन्हीकडचं बुकिंग करून ठेवू. कॅसलबेची जागा पुढेमागे सुटली तर ती घेऊ, नाहीतर स्टॉर्नोवे आहेच. नको ते रद्द करू." व्यवहाराच्या दृष्टीने यात चूक काही नाही, नियमातही बसतं. पण मी साफ नको म्हटलं. दोन बोटींवर अडवलेल्या जागांपैकी एक शेवटच्या क्षणी सुटणार, आणि तोवर कुणा बेटकराला "भरली आहे" असं उत्तर मिळणार. काकांना हे लगेच पटलं. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने गरजेपेक्षा जास्त पाणी अडवलं की शेवटच्या शेतात काय होतं, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं.

तिसरा पर्याय निवडला. मॅलेगहून लॉकबॉइसडेल, साडेतीन तासांचा प्रवास. ग्लासगोहून मॅलेग चारेक तासांवर, वाट फोर्ट विल्यममार्गे. लॉकबॉइसडेलला उतरलं की आपण माळेच्या मधेच उतरतो. बॅरासाठी थोडं दक्षिणेला जाऊन परत यावं लागतं. पण एरिस्केचा धक्का तिथून अर्ध्या तासावर आणि पलीकडे बॅराची बोट चाळीस मिनिटांची. म्हणजे बॅरा एका दिवसात, सामान न हलवता. गुडघेदुखीच्या माणसाला रोज बॅग भरण्यापेक्षा हे फार बरं.

परतीची बोट शनिवारी दुपारची, स्टॉर्नोवेहून अलापूल. रविवार मुद्दाम रिकामा सोडला. कुठे काही अडलं तर रविवारची बोट आहे आणि सोमवारची शाळा वाचते. बरेच लोक असा मोकळा दिवस मधे कुठेतरी "विश्रांती" म्हणून ठेवतात. तो मधे खर्च झाला की शेवटी काही उरत नाही. बेटांवर तो मुख्य भूमीकडच्या शेवटच्या बोटीनंतरच हवा.

मुक्काम शोधताना आणखी एक अट आडवी आली. मोसमात स्वयंपाकघर असलेली घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानेच देतात. साउथ युइस्टला थोड्या दिवसांसाठी देणारं घर मिळालं, बर्नरेलाही. हॅरिस-लुईससाठी न्याहारी देणाऱ्या घरगुती निवासात खोल्या घेतल्या. हे सगळं झाल्यावर बहिणीची यादी पुन्हा उघडली.

विमानासाठी भरतीचं कोष्टक

बॅराचा विमानतळ म्हणजे ट्राय व्होर हा किनारा. वाळूवर तीन धावपट्ट्या, टोकांना लाकडी खांब. भरतीला तिन्ही पाण्याखाली जातात. नियमित प्रवासी विमानं भरती-ओहोटीच्या वाळूवर उतरतात असा जगातला हा एकमेव विमानतळ मानला जातो. ग्लासगोहून येणाऱ्या छोट्या ट्विन ऑटर विमानाचं वेळापत्रक भरतीप्रमाणे बदलतं. त्यामुळे बॅराचा दिवस आधी ठरवून विमान बघायला जाणं चालत नाही. विमानाची वेळ बघून, तिला जुळणारी एरिस्केची बोट बघून, मग बॅराचा दिवस ठरतो. आमचा सोमवार निघाला. बॅराच्या बाजूचा आर्डव्होरचा धक्का विमानतळापासून जवळ आहे, हा फायदा.

प्रत्यक्षात सोमवारी विमान वेळेवर आलं. भाचा कुंपणापाशी उभा. विमानाने वाळूच्या टेकड्यांवरून एक वळसा घेतला, चाकं ओल्या वाळूला लागली तसे दोन्ही बाजूंनी पाण्याचे तुरे उडाले, आणि शिंपले वेचणारी माणसं असतात त्याच किनाऱ्यावर ते चालत येऊन थांबलं. सामान हातगाडीवरून इमारतीत गेलं. भाच्याने पुढचा तासभर प्रश्न विचारले. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं काकांना देता आली.

काकांना खरी ओढ कॉजवेंची. व्हॅटरसेचा कॉजवे 1991 चा. त्याआधी गुरं पोहवत नेत असत. 1986 साली एक जातिवंत बैल असाच खाडी पार करताना बुडाला आणि त्या बातमीने रस्त्याच्या मागणीला जोर आला. एरिस्केचा 2001 चा, बर्नरेचा 1999 चा. साउथ युइस्ट नि बेनबेक्युलामधे 1942 साली पूल झाला, त्याजागी 1982 मध्ये भराव आला. या शेवटच्या कॉजवेवरून जाताना मी काकांना 11 जानेवारी 2005 च्या वादळाची हकिगत सांगितली. त्या रात्री साउथ युइस्टच्या उत्तर टोकाशी एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांतले पाच जण घर सोडून गाड्यांनी सुरक्षित जागी निघाले आणि पाण्यात वाहून गेले. भरावात पाण्याला पुरेशी वाट ठेवावी ही मागणी तिथले लोक करत आले आहेत. काकांनी पलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवायला सांगितली, उतरून भरावाचे दगड आणि दोन्हीकडचं पाणी बराच वेळ पाहिलं. मोठ्या वादळात हे कॉजवे बंद करतात. नियोजनात हे धरायला हवं, कारण कॉजवे बंद म्हणजे बोटीपर्यंतचा रस्ताच बंद.

रस्ता

डावीकडून चालवणं आपल्या सवयीचं. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, तरी काकांनी चालवू नये असं ठरलं, कारण गाडी बहिणीची आणि विम्यात नाव घालण्याचा खर्च नाहक. बराचसा रस्ता एकेरी रुंदीचा आहे; ठरावीक अंतरावर बाजू देण्यासाठी फुगवटे, त्यांवर पांढरी पाटी. समोरून गाडी दिसली की डावीकडच्या फुगवट्यात शिरायचं. फुगवटा उजवीकडे असेल तर त्यात जायचं नाही. आपल्याच बाजूला त्याच्यासमोर थांबायचं, समोरचा आत जातो. मागून कुणी आलं तर त्यालाही पुढे जाऊ द्यायचं. हे शेवटचं पर्यटक विसरतात. मागची गाडी गावातल्या नर्सची असू शकते, बोट गाठायला निघालेल्या माणसाची असू शकते. आणि फोटोसाठी त्या फुगवट्यात गाडी लावून उतरायचं तर मुळीच नाही. काका पुढच्या सीटवर बसून पुढचा फुगवटा आणि त्यापलीकडची गाडी हेरून सांगायचे, "थांब, लाल गाडी येतेय, इथेच घे." दुसऱ्या दिवसापासून समोरच्याला हात करणंही त्यांनी आपल्याकडे घेतलं.

फोनला सगळीकडे रेंज नसते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सर्वेक्षण संस्थेचे कागदी नकाशे घेतले होते. पाट्यांवर गेलिक या स्थानिक भाषेतलं नाव आधी, ठळक. त्यामुळे नकाशावर दोन्ही नावं पेन्सिलीने लिहून ठेवली. काका टोपोशीटवर वाढलेले, त्यांना हे काम आवडलं. भारताच्या सर्वेक्षणाशी या बेटांचं नातं आहेच: 1815 साली भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला कॉलिन मॅकेन्झी स्टॉर्नोवेचा.

जेवणाचं फार लिहायला नको. डॅलीबर्ग, क्रीगोरी, सोलस या तिन्ही ठिकाणी को-ऑप दुकान आहे. रविवारचं सामान शनिवारीच भरायचं. पोहे, भाजणी, मेतकूट आत्याने सांगलीहून आणलं होतं. भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत, म्हणून तूप ग्लासगोत घेतलं. छोटा कुकर गाडीत. एवढ्यावर तिचं कुठेही अडलं नाही.

गुरुवारची बोट

बर्नरे ते हॅरिसच्या लेव्हरबराची फेरी सरळ रेषेत गेली तर फार लांब नाही, पण तासभर लागतो. मधल्या खाडीत खडक आणि उथळ जागा इतक्या, की बोट बोयांच्या मधून नागमोडी जाते. वारा आणि ओहोटी एकत्र आली की ती थांबते. हा सांधा अडू शकतो हे धरून आधीच एक दार पाहून ठेवलं होतं: बर्नरेहून अर्ध्या तासावर लॉकमॅडी. तिथून युइग, आणि युइगहून टार्बर्ट, किंवा तसंच स्कायमार्गे घरी.

बुधवारी आम्ही नॉर्थ युइस्टच्या पश्चिमेला बॅलरनल्डच्या पक्षी अभयारण्यात होतो. गवतातून कॉर्नक्रेकचा कर्रक-कर्रक आवाज येत होता. पक्षी दिसला नाही, तो सहसा दिसतही नाही. संध्याकाळी वारा वाढला आणि दुसऱ्या दिवसाच्या फेरीपुढे इशारा लागला. गुरुवारी सकाळी फेरी रद्द.

बहिणीचं म्हणणं, लगेच लॉकमॅडी गाठू. मी थांबावं म्हटलं, आणि कारणं अशी: हवामानाचा अंदाज शुक्रवारी वारा उतरेल असा होता, लॉकमॅडीच्या बोटीवर त्या दिवशी आमच्यासारखेच अडकलेले आणि बेटावरचे लोक जागा मागत असणार, आणि परतीची बोट शनिवारी, तिच्यामागे रविवार. थांबल्याने फक्त हॅरिसचा एक दिवस जाणार होता. हॅरिसच्या खोलीच्या मालकीणबाईंना सकाळी नऊलाच फोन केला. इतर कुणी अडलेलं असेल तर त्यांना ती रात्र द्या, असं सांगितलं. दुपारपर्यंत खोली गेली, आणि पैसे त्यांनी आपणहून परत केले. बर्नरेच्या घरमालकाने आम्हाला आणखी एक रात्र राहू दिलं. दिवसभर आत्याने थालीपिठं लावली, काका नि भाचा वाऱ्यात जाऊन कॉजवे बघून आले.

शुक्रवारी सकाळी फेरी निघाली. आता उरलेल्या दीड दिवसात काय ठेवायचं? गोल्डन रोड, म्हणजे हॅरिसच्या खडकाळ पूर्व किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता, गेला. टार्बर्टचा मुक्काम गेला. लस्केंटायरचा वाळूचा किनारा ठेवला, कारण तो वाटेवरच होता आणि काकांना पार्किंगपासून थोडंच चालायचं होतं. कॅलनिश ठेवलं. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उभारलेले ते दगड बघायला आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मे महिन्याचा उजेड अजून भरपूर होता. मोठ्या बसगाड्या निघून गेलेल्या. हेच सकाळी अकराला आलो असतो तर एवढा निवांतपणा मिळाला नसता. हे दगड लुईशियन नाइस या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकाचे, खडकाचं वय तीन अब्ज वर्षांच्या घरातलं. काकांनी हात लावून पट्टे पाहिले.

बट ऑफ लुईसचा प्रश्न शनिवार सकाळवर आला. स्टॉर्नोवेहून तिथे जायला पाऊण तास, यायला पाऊण. दुपारच्या बोटीआधी बसत होतं. पण गाड्यांसाठी धक्क्यावर लवकर पोचावं लागतं, आणि त्याआधी टाकी भरायची होती, पुढे लीड्सपर्यंतचा रस्ता होता. मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "लवकर उठू. सहाला निघू." निघालो. 1862 पासून उभं असलेलं लाल विटांचं दीपगृह, खाली समुद्र. अर्धा तास थांबून परत फिरलो आणि धक्क्यावरच्या रांगेत बोटीच्या बऱ्याच आधी लागलो.

रविवार वापरावा लागला नाही. शनिवारी रात्री ग्लासगोत माझ्याकडे सगळे झोपले आणि रविवारी दुपारी लीड्सला पोचले. बहिणीला पुढच्या वर्षी लेव्हरबराहून सेंट किल्डाला जायचं आहे. 1930 साली तिथले उरलेले 36 रहिवासी कायमचे निघून आले, ते बेट. तिथे जाणारी छोटी बोट हवा चांगली असेल तरच सुटते, म्हणून या वेळी तिने स्वतःच लेव्हरबराला सलग काही रात्री धरल्या आहेत, आणि सेंट किल्डाची तारीख त्यातल्या पहिल्या दिवसाची मागितली आहे.